हाइटफील्ड की डिस्प्लेसमेंट? ब्रह्मगिरीचा डोंगर आणि त्याचा कडा

हाइटफील्ड आणि डिस्प्लेसमेंट, दोन्हींना लागते ती एक काळी-पांढरी प्रतिमा. पांढरं तिथं उंच, काळं तिथं खोल. टेराजेन असो की ब्लेंडर (दोन्ही त्रिमितीय दृश्यं बनवायची सॉफ्टवेअर), डिजिटल निसर्गदृश्य शिकायला बसलेल्याला हे दोन शब्द पहिल्या आठवड्यातच भेटतात. फाइल सारखीच दिसते, म्हणून गल्लत होते. कुणी त्र्यंबकचा अख्खा ब्रह्मगिरी डिस्प्लेसमेंटनं उचलायला जातो आणि डोंगराची फुगलेली उशी होते. कुणी कड्यावरच्या भेगा हाइटफील्डमध्ये शोधत बसतो आणि त्याचा कडा उन्हात ठेवलेल्या गुळाच्या ढेपेसारखा ओघळलेला दिसतो.

हाइटफील्ड म्हणजे उंचीचा तक्ता. जमिनीवर ठरावीक अंतरावर ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला एकच आकडा. एका जागी एकच उंची असल्यामुळं पुढं झुकलेली कपार किंवा गुहा त्यात बसूच शकत नाही. डिस्प्लेसमेंट म्हणजे आधी तयार असलेला पृष्ठभाग आतबाहेर ढकलणं, आणि तेही सहसा पृष्ठभागाला काटकोनात. सपाट माळावर ही दिशा वर जाते, कड्यावर मात्र ती आडवी बाहेर येते. माळावर दोन्ही पद्धतींचं चित्र एकच येतं, फरक कड्यावर कळतो. सरावाला सपाट चौकोन घेतला तर हा फरक कितीही दिवस लक्षात येत नाही.

ब्लेंडर यात आणखी भर घालतो. तिथं हाइटफील्ड नावाची वस्तूच नाही. डोंगर उभा करायला जो मॉडिफायर (वस्तूचा आकार बदलणारं साधन) वापरतात त्याचं नाव डिस्प्लेस, आणि मटेरियलमध्ये, म्हणजे पृष्ठभाग कसा दिसावा त्या सेटिंगमध्ये, जो नोड (जोडायचा ठोकळा) असतो त्याचं नाव डिस्प्लेसमेंट. मॉडिफायरची दिशा ‘नॉर्मल’वरून (पृष्ठभागाला काटकोनात) ‘झेड’वर (सरळ वर) नेली की तो हाइटफील्डचं काम करतो. मटेरियलमधला नोड खडकाच्या कातडीचं काम करतो. नावावर जाऊ नका, कामावर जा.

आधी डोंगर. एसआरटीएम या अंतराळ मोहिमेची जमिनीच्या उंचीची माहिती फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानातून ११ दिवसांत रडारनं घेतली गेली. ती मोफत मिळते आणि तिच्यात साधारण दर ३० मीटरला एक ठिपका असतो. फाइल एक अंश बाय एक अंश अशा तुकड्यांत येते आणि तुकड्याचं नाव त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून ठरतं. नाशिककरांची अडचण इथंच सुरू होते, कारण २० अक्षांशाची रेघ शहरातूनच जाते. त्र्यंबक, अंजनेरी, ब्रह्मगिरी, पांडवलेणी हे सगळं एन१९ई०७३ या तुकड्यात आहे, तर रामशेज आणि सप्तशृंगी एन२०ई०७३ मध्ये. पांडवलेणीच्या टेकडीवरून रामशेजकडं बघणारं दृश्य हवं असेल तर दोन्ही तुकडे उतरवून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये मर्ज करावे, म्हणजे एकत्र जोडावे लागतात. नुसते शेजारी शेजारी ठेवलेत तर शहराच्या मधोमध एक शिवण दिसते. लगतच्या तुकड्यांत काठाची एक ओळ सामाईक असते, ती दोनदा येते म्हणून.

दुसरी चूक डोळ्यांना पटकन दिसत नाही. एक अंश म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १११ किलोमीटर, पण आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम फक्त १०५. फाइलमध्ये मात्र दोन्हीकडं ३६०१ ठिपके. तसाच चौरस समजून लावला की डोंगर आडवे सहा टक्के रुंद होतात. क्यूजीआयएसमध्ये ती यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपणात ३० मीटरच्या चौकोनांवर आणा. रीसँपलिंग (नव्या ठिपक्यांची उंची काढायची पद्धत) ‘बायलिनियर’ किंवा ‘क्यूबिक’ ठेवा. ‘निअरेस्ट’ ठेवलंत तर उतारांवर पट्टे उमटतात.

अख्खा तुकडा वापरायचा मोह टाळा. ३६०१ गुणिले ३६०१ म्हणजे जवळपास १ कोटी ३० लाख ठिपके, साधा संगणक तिथंच बसतो. त्र्यंबक रांगेचा २० बाय २० किलोमीटरचा भाग कापला तर साडेचार लाखांत काम होतं.

आता ही फाइल प्रतिमा म्हणून साठवताना १६ बिट (० ते ६५५३५ पर्यंत छटा) ठेवायची, आणि ताणून ठेवायची. समजा तुमच्या चौकटीत सगळ्यात खालचा ठिपका ५६० मीटर आणि सगळ्यात वरचा १३०० मीटर निघाला. ५६० ला शून्य आणि १३०० ला ६५५३५ असं मोजमाप द्या. न ताणता साठवली तर १३०० हा आकडा ६५५३५ च्या दोन टक्केच भरतो, प्रतिमा काळीकुट्ट दिसते आणि शिकणारा फाइल खराब समजून टाकून देतो. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा, कारण मॉडिफायरची स्ट्रेंग्थ म्हणजे त्यांच्यातला फरक, ७४० मीटर. ब्लेंडरमध्ये एक युनिट म्हणजे १०० मीटर धरलं तर जमिनीचा चौकोन २०० युनिटचा आणि स्ट्रेंग्थ ७.४. मिडलेव्हल (ज्या छटेला जमीन हलत नाही ती पातळी) मुळात ०.५ असतो, तो शून्य करा. रंगाची सेटिंग ‘नॉन-कलर’ हवी, नाहीतर गॅमा (रंग उजळ-गडद करणारी दुरुस्ती) मधल्या उंच्या वाकवतो आणि डोंगराचं पोट आत जातं. टेक्स्चरचं, म्हणजे या प्रतिमेचं, ‘रिपीट’ बदलून ‘एक्स्टेंड’ करा. ते राहिलं तर एका काठावर सुळक्यांची भिंत उभी राहते.

८ बिटचा घोटाळा आपल्या भागात विशेष फसवा आहे. २५६ पायऱ्यांत ७४० मीटर बसवले की प्रत्येक पायरी २.९ मीटरची होते आणि डोंगरावर टप्पे दिसू लागतात. इतर कुठं ते लगेच खटकले असते. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांनी बनलेला, टप्प्याटप्प्यांचाच आहे, त्यामुळं बघणाऱ्याला वाटतं, वा, बेसाल्ट किती छान आला! ओळखायचं कसं? खोटे टप्पे सगळीकडं एकाच उंचीचे असतात आणि गंगापूर धरणाकडच्या सपाट शेतांतही उमटतात. खरे टप्पे जाड-बारीक असतात, मध्येच संपतात आणि शेतात येत नाहीत.

तरीही कडा उभा राहत नाही, आणि तो का राहत नाही हे जवळून बघण्यासारखं आहे. समजा कडा सरळ १५० मीटरचा आहे. तक्त्यात त्याच्या माथ्यावर एक ठिपका, पायथ्याशी दुसरा, मध्ये ३० मीटर. नव्वद अंशांचा कडा तिथंच ७९ अंशांवर आला. रडारची माहिती मुळातच थोडी गुळगुळीत असते, म्हणून हा उतार प्रत्यक्षात ठिपक्यांमधल्या तीन अंतरांत, म्हणजे ९० मीटरवर पसरतो आणि ५९ अंश उरतात. त्यातून वरून टाकलेलं खडकाचं टेक्स्चर कड्यावर ओघळतं. ७९ अंशांच्या भिंतीवर ३० मीटरचं चित्र १५३ मीटरवर ताणलं जातं, म्हणजे पाचपट. ते लांबलचक फराटे बघून शिकणारे टेक्स्चर बदलत बसतात. दोष टेक्स्चरचा नसून ते वरून टाकण्याचा आहे. ब्लेंडरमध्ये इमेज टेक्स्चरचं ‘फ्लॅट’ काढून ‘बॉक्स’ करा, ब्लेंड ०.२ ते ०.३ ठेवा, आणि कोऑर्डिनेट ‘ऑब्जेक्ट’ घ्या.

३० मीटरहून लहान ते सगळं डिस्प्लेसमेंटचं. हाच आकडा टेराजेनमध्ये थेट कामी येतो. पॉवर फ्रॅक्टल शेडरमध्ये (आपोआप खडबडीतपणा तयार करणाऱ्या साधनात) लीड-इन स्केल (सगळ्यात मोठ्या आकाराचं माप) ३० च्या आसपास, फीचर स्केल (मुख्य आकारांचं माप) १० ते १५, सर्वांत लहान स्केल ०.१ आणि उंची ३ ते ४ मीटर ठेवून सुरुवात करा. लीड-इन ५०० वर राहिला तर फ्रॅक्टल खऱ्या डोंगरावर स्वतःचे डोंगर चढवतो आणि ब्रह्मगिरी ओळखू येत नाही, मग एवढी खरी उंची आणून उपयोग काय? आपल्या डोंगरांसाठी ‘स्ट्राटा अँड आउटक्रॉप्स’ हा शेडर जरूर वापरून बघा. थर काढणं हेच त्याचं काम आहे.

टेराजेनमध्ये क्रम सगळ्यात जास्त चुकतो. हाइटफील्डनं जमीन वर उचलली तरी पृष्ठभागाची दिशा आपोआप मोजली जात नाही, कड्यालाही अजून ‘वर’ म्हणजे आकाशच वाटत असतं. लगेच डिस्प्लेसमेंट जोडलं तर खडक बाहेर येण्याऐवजी वरच ढकलला जातो आणि कड्यावर उभ्या सुया येतात. म्हणून हाइटफील्ड, मग कम्प्यूट टेरेन (पृष्ठभागाची दिशा नव्यानं मोजणारा नोड), मग बाहेर ढकलणारं फ्रॅक्टल, आणि गवत-माती उताराप्रमाणं घालायची असेल तर त्याआधी पुन्हा एकदा कम्प्यूट टेरेन.

ब्लेंडरच्या डिस्प्लेसमेंट नोडमध्ये मोजपट्टी विसरली जाते. एक युनिट १०० मीटर असेल तर तीन मीटरचा खडबडीतपणा म्हणजे ०.०३. तिथं ३ टाकलंत तर डोंगर ३०० मीटर फाटतो. इथं मिडलेव्हल ०.५ च ठेवा, कारण भेगा आत आणि उंचवटे बाहेर जायला हवेत. मटेरियलची सेटिंग ‘बम्प ओन्ली’ असेल तर काहीच हलत नाही, फक्त सावलीचा आभास होतो. ‘डिस्प्लेसमेंट अँड बम्प’ निवडा. आणि सायकल्समध्ये (ब्लेंडरच्या चित्र काढणाऱ्या इंजिनात) अ‍ॅडॅप्टिव्ह सबडिव्हिजन (गरजेप्रमाणं जाळी बारीक करणं) चालू करा, कारण ३० मीटरवर ठिपके असलेली जाळी तीन मीटरची भेग दाखवणार कुठून? तपासायचं झालं तर सूर्य क्षितिजाजवळ आणा आणि कड्याची आकाशावर उमटणारी कडा बघा. ती रेघ गुळगुळीत असेल तर डिस्प्लेसमेंट लागलेलंच नाही.

काही गोष्टी दोन्हींत बसत नाहीत. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांच्या ओळी नऊ-दहा फुटांवर असतात, त्या झाडांच्या प्रती पसरूनच येतात. जमीन खाली-वर करून वेल उगवत नाही. पांडवलेण्यांची २४ लेणी आत खोल जातात, तिथं वेगळा मॉडेल करून टेकडीत बसवावा लागतो. हरिहर किल्ल्याच्या कातळातल्या पायऱ्याही तशाच. कड्याला डिस्प्लेसमेंट लावून झाल्यावर पायऱ्यांच्या जागी मास्कनं (ठरावीक जागा झाकणाऱ्या प्रतिमेनं) ते शून्य करा आणि मगच पायऱ्या ठेवा. उलट क्रमानं गेलात तर फुगलेला खडक अर्ध्या पायऱ्या गिळतो.