चोरलेल्या चित्रपटातली अदृश्य खूण

चित्रपटाच्या फाइलला कितीही भक्कम कुलूप घाला, पडद्यावर दाखवताना ते उघडावंच लागतं. थिएटरला जाणारी डिजिटल प्रत एईएस या कूटलेखन पद्धतीने, १२८ बिटांची (० किंवा १ अशा अंकांची) किल्ली वापरून, कूटबद्ध असते, तिची किल्ली ठरावीक सर्व्हरवर आणि ठरलेल्या मुदतीतच चालते. पण पडद्यावरून येणारा प्रकाश कूटबद्ध कसा करणार? डोळ्याला जे दिसतं ते लपवून आणलेल्या कॅमेऱ्यालाही दिसतं. मग निदान प्रत कुठून फुटली ते तरी कळावं, म्हणून वॉटरमार्क, म्हणजे चित्रातच मिसळलेली अदृश्य खूण.

हॉलिवूडच्या स्टुडिओंनी मिळून ठरवलेल्या डीसीआय मानकानुसार थिएटरमधली यंत्रणा खेळ चालू असतानाच त्यात ३५ बिटांची खूण मिसळते. १६ बिट वेळेचे, म्हणजे वर्षातला नेमका कोणता पाव तास. १९ बिट जागेचे. त्यांत ५,२४,२८८ क्रमांक मावतात. दर पाच मिनिटांच्या भागात ही सगळी माहिती पुन्हा येते. उजेडातला फरक नजरेला जाणवणार नाही इतका बारीक, पण असंख्य फ्रेमवर पसरलेला. त्यामुळे कॅमेरा तिरका असला, फाइल दाबून लहान केली, तरी अर्ध्या तासाच्या चित्रणातून खूण वाचता यावी, अशी मानकाची अट आहे.

स्ट्रीमिंगची युक्ती मला जास्त आवडते. चित्रपटाचे छोटे तुकडे करून प्रत्येकाच्या 'अ' आणि 'ब' अशा, वेगवेगळी खूण असलेल्या, दोन आवृत्त्या ठेवतात. प्रत्येक खात्याला त्यांचा वेगळा क्रम जातो. फक्त ३३ तुकड्यांत सुमारे ८५९ कोटी क्रम होतात, जगाच्या लोकसंख्येहून जास्त!

चोरही कच्चे नसतात. दोन-तीन खात्यांवरच्या प्रती मिसळल्या की तयार होणारा क्रम कोणाचाच नसतो. मात्र ज्या तुकड्याची सगळ्यांकडे एकच आवृत्ती आलेली असेल, तिथे त्यांना खूण आहे हेच कळत नाही आणि ती तशीच राहते. याच दुव्यावरून चोरीतला निदान एक तरी भागीदार सापडावा, यासाठी क्रम कसे निवडायचे ते गाबोर टार्डोस या गणितज्ञाने २००३ मध्ये दाखवलं. अडचण लांबीची: भागीदार दुप्पट झाले की क्रम साधारण चौपट लांब लागतो.

पायरेटेड प्रत कोण बघतंय, हे मात्र या खुणेला कळत नाही. आणि ती बोट दाखवते ते खात्याकडे, माणसाकडे नव्हे. पासवर्ड चोरीला गेलेला प्रामाणिक ग्राहकही तिच्या लेखी चोरच ठरतो. खातं थांबवायला एवढा पुरावा चालेल. कॉपीराइटच्या खटल्यात कोणाला दोषी धरायला तो एकटा पुरू नये, असं मला वाटतं.