टीनेकच्या घरबाजारात ‘पायी अंतर’ कुठून आलं

न्यूजर्सीच्या बर्गन काउंटीत टीनेक नावाचं उपनगर आहे. तिथं घर विकायला निघालं की ज्यू गिऱ्हाईक आधी एक गोष्ट विचारतं: सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, चालत किती मिनिटं? खोल्या, अंगण, शाळा हे सगळं नंतर. त्याच आकाराचं, त्याच सालचं घर दहा मिनिटांवर असेल तर हातोहात जातं आणि चाळीस मिनिटांवर असेल तर त्याला वेगळं गिऱ्हाईक शोधावं लागतं. या एका प्रश्नामागे धर्मशास्त्र आहे, एक पूल आहे, काही कोर्टाचे निकाल आहेत आणि विजेच्या खांबांवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्याही आहेत. घर घेणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला यातलं बरंचसं ठाऊक नसतं. मग नेमक्या त्याच ठिकाणी व्यवहार अडतो.

सुरुवात पुलापासून. १९३१च्या ऑक्टोबरमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज खुला झाला आणि हडसन नदीपलीकडचं हे गाव मॅनहॅटनच्या हाकेवर आलं. १९३०मध्ये टीनेकची वस्ती साधारण साडेसोळा हजार होती, १९६०मध्ये बेचाळीस हजारांच्या घरात गेली आणि तेव्हापासून जवळजवळ तिथंच आहे. म्हणजे गाव साठ वर्षांपूर्वीच भरलं. आज विकायला येतं ते बहुतेक जुनं घर, १९२० ते १९५५च्या दरम्यान बांधलेलं. हे लक्षात ठेवावं, पुढे तेलाच्या टाकीपाशी याच गोष्टीला येऊ.

त्या काळात ज्यू कुटुंबाला हवं ते उपनगर मोकळं नव्हतं. अनेक घरांच्या खरेदीखतातच अट घातलेली असे की ही मालमत्ता अमुक वंशाच्या, अमुक धर्माच्या माणसाला विकता येणार नाही. ही बंदी मुख्यतः काळ्या लोकांवर असे, पण पुष्कळ ठिकाणी त्याच ओळीत ज्यूंचंही नाव असे. १९४८मध्ये ‘शेली विरुद्ध क्रेमर’ खटल्यात सुप्रीम कोर्टानं ठरवलं की अशा अटी कोर्टं अमलात आणू शकत नाहीत. अट लिहिणं मात्र त्या निकालानं बेकायदा झालं नाही, म्हणून जुने कागद चाळताना ती ओळ आजही डोळ्यांसमोर येते. पूर्ण मनाई आली १९६८च्या फेअर हाउसिंग अ‍ॅक्टनं. आणखी एक धागा १९८७चा. मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग या उपनगरात एका सिनेगॉगच्या भिंती विद्रूप केल्या गेल्या होत्या. त्या खटल्यात कोर्टानं मान्य केलं की मालमत्तेच्या समान हक्काचा १८६६चा कायदा ज्यूंनाही संरक्षण देतो.

युद्धानंतर जे ज्यू उपनगरात आले त्यांच्यात १९५० साली एक फाटा फुटला आणि गावांचे नकाशे त्यानुसार बदलले. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, गाडी चालवणं निषिद्ध. कॉन्झर्वेटिव्ह पंथाच्या धर्मसमितीनं त्या वर्षी सवलत दिली की उपनगरात राहणाऱ्यानं फक्त सिनेगॉगला येण्यापुरती गाडी वापरावी. त्यामुळे त्या पंथाची सिनेगॉग मोठ्या रस्त्यावर, भल्यामोठ्या पार्किंगसह उभी राहिली. अधिक कर्मठ अशा ऑर्थोडॉक्स पंथानं ही सवलत नाकारली. त्यांची सिनेगॉग लहान, घरांच्या रांगेत आणि एकमेकांपासून फार दूर नाहीत. एक भरलं की अर्ध्या-पाऊण मैलावर दुसरं. टीनेकमध्ये १९५८पासून ऑर्थोडॉक्स मंडळी अशीच वाढत गेली, आणि घराच्या भावाची वर्तुळं या छोट्या सिनेगॉगांभोवती पडली. कोकणातल्या बेने इस्रायली (मराठी ज्यू) तेल्यांना गाव ‘शनवार तेली’ म्हणे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. तोच नियम इथं घाण्याऐवजी गाडीला लागतो.

वस्ती सलग असेल तर गावात शब्बाथला किती चालावं याला शास्त्राची मर्यादा नाही. मर्यादा पायांची, जुलैच्या उन्हाची आणि बरोबरच्या पोरांची. म्हणून व्यवहारात पंधरा-वीस मिनिटं हा आकडा रुळला.

पोरांचा मुद्दा खरा महत्त्वाचा. शब्बाथला घराबाहेर सार्वजनिक जागेत काही उचलून वा ढकलून नेता येत नाही. त्यात बाबागाडी आली, किल्ली आली, प्रार्थनेची शाल आली. तोडगा म्हणजे एरुव: सगळ्या मोहल्ल्याभोवती अखंड सीमा घालून तो शास्त्राच्या दृष्टीनं एकच आवार करायचा. भिंत बांधावी लागत नाही, ‘दाराच्या चौकटी’ सलग उभ्या केल्या की पुरतं. दोन खांब म्हणजे चौकटीच्या बाजू आणि वरची तार म्हणजे तिची वरची पट्टी. उपनगरात विजेचे आणि टेलिफोनचे खांब आयतेच असतात. अडचण एवढीच की तार सहसा खांबाच्या डोक्यावरून न जाता कुशीला टांगलेली असते, आणि बाजूला अडकवलेली वरची पट्टी शास्त्राला चालत नाही. म्हणून तारेच्या बरोबर खाली, ओळंब्यात, एक अरुंद प्लास्टिकची पट्टी खांबाला ठोकतात. तिला लेही म्हणतात. तिची उंची निदान दहा मुठी, म्हणजे जवळपास एक मीटर. शिवाय त्या हद्दीचा ‘वापरहक्क’ स्थानिक सत्तेकडून नाममात्र रकमेला, बहुधा एका डॉलरला, भाड्यानं घ्यावा लागतो.

बिघडतं काय, तर वादळात झाड कोसळून तार तुटते किंवा वीज कंपनी खांब बदलते आणि लेही जुन्या खांबाबरोबर भंगारात जाते. कधी नवी केबल टाकताना तार फूटभर सरकते आणि पट्टी तिच्याखाली राहत नाही. म्हणून दर आठवड्याला, बहुधा गुरुवारी, माणूस गाडीतून पूर्ण सीमा पाहून येतो, म्हणजे दुरुस्तीला शुक्रवार उरतो. घर बघणाऱ्यानं नकाशावर एक गोष्ट जरूर ताडावी: सीमा रस्त्याच्या कोणत्या बाजूनं जाते. समोरासमोरच्या दोन घरांपैकी एक आत आणि एक बाहेर असू शकतं. बाहेरच्या घरात तान्हं मूल असेल तर आईबापांपैकी एकाला दर शनिवारी घरीच बसावं लागतं.

या पट्ट्यांवरून मोठे तंटे झाले. टीनेकजवळच्या टेनाफ्लायनं २००० साली लेही काढून टाकायचा ठराव केला. आधार दिला खांबांवर काही लावायला बंदी करणाऱ्या जुन्या वटहुकमाचा. पट्ट्या होत्या काळ्या, अरुंद, खांबावरच्या अर्थिंगच्या तारेवर जे आवरण असतं जवळजवळ तशाच. खटल्यात पुढे आलं की त्याच खांबांवर घरांचे नंबर, हरवलेल्या कुत्र्यामांजरांची पत्रकं, चर्चकडे जाणाऱ्या बाणाच्या पाट्या आणि एका शाळा-वादात बांधलेल्या नारिंगी फिती वर्षानुवर्षं खपवून घेतल्या होत्या. २००२मध्ये फेडरल अपील कोर्टानं सांगितलं की नियम सगळ्यांना लावा, एकट्या एरुवला नको. त्याच काउंटीतल्या माहवामध्ये २०१७ला पुन्हा तेच घडलं. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनं गावावर दावा लावला आणि २०१८मध्ये तडजोड होऊन एरुव राहिला. आमच्या मते या दोन प्रकरणांत वाद पट्टीचा नव्हताच. कोण राहायला येणार, याचा होता.

आता जाहिरातीकडे. १९६८च्या कायद्यातलं एक कलम सांगतं की विक्रीच्या जाहिरातीत वंश, धर्म वगैरेंची पसंती दिसता कामा नये. ते कलम, एजंट न घेता स्वतःचं घर विकणाऱ्या मालकालाही लागू आहे, हे फार जणांना माहीत नसतं. केंद्रीय गृहनिर्माण खात्याच्या जुन्या नियमांत ‘ज्यू होम’ हा शब्दप्रयोग टाळायच्या यादीत होता, आणि पत्ता सांगताना सिनेगॉगचा उल्लेख करणंही पसंतीची खूण ठरू शकेल असं म्हटलं होतं. एजंट इतके धास्तावले की साधं वर्णनही लिहीनात. जानेवारी १९९५मध्ये खात्यानं खुलासा काढला की सोयीसुविधांचं वर्णन म्हणजे पसंती नव्हे. कोशर (दूध-मांस वेगळं ठेवण्यासारखे ज्यू आहारनियम पाळणारं) जेवण मिळतं किंवा इमारतीत चॅपल आहे, असं लिहिणं आपोआप गुन्हा होत नाही. पुढल्या वर्षी ते जुने नियमही रद्द झाले. यावरून धडा सरळ आहे: घराचं वर्णन करा, माणसाचं करू नका. ‘दोन सिंक, दोन ओव्हन, एरुवच्या हद्दीत’ हे वर्णन आहे. ‘ज्यू कुटुंबासाठी उत्तम’ लिहिलंत तर भंग झाला.

एजंटला तोंडी बोलतानाही बंधन आहे. ‘या गल्लीत ज्यू किती?’ असं विचारलं तर त्यानं उत्तर देऊ नये, कारण धर्म पाहून गिऱ्हाइकाला एखाद्या मोहल्ल्याकडे वळवणं किंवा तिथून परतवणं बेकायदा आहे. या नियमामागे कडू अनुभव आहे. पन्नास-साठच्या दशकांत एजंट एखादं घर काळ्या कुटुंबाला विकत, मग शेजाऱ्यांना भाव कोसळण्याची भीती घालून त्यांची घरं स्वस्तात उचलत आणि चढ्या भावानं पुढे विकत. टीनेकनंही हे सोसलं, आणि तरी १९६४मध्ये कोर्टाच्या हुकमाविना आपल्या शाळांत काळी-गोरी मुलं एकत्र आणली. न्यूजर्सीच्याच विलिंगबरोनं ही पळापळ थांबवायला ‘घर विकणे आहे’ अशा पाट्यांवरच बंदी घातली होती; १९७७मध्ये सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली. एजंटचं तोंड बांधलेलं असल्यामुळे अशी माहिती सिनेगॉगच्या पत्रकातून, फलकावरून, ओळखीपाळखीतून फिरू लागली आणि पुढे घरंही त्याच वाटेनं विकली जाऊ लागली.

तिथं एक खड्डा आहे. न्यूजर्सीत १९८३च्या तडजोडीपासून एजंटनं भरलेल्या करारात वकिलाच्या तपासणीचं कलम सक्तीचं आहे: सहीची प्रत दोन्ही पक्षांना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत वकील करार नाकारू शकतो. शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्ट्या यांत धरत नाहीत. पण ओळखीत, एजंटविना झालेल्या सौद्यात हे कलम आपसूक येत नाही. कुणी छापील नमुन्यावर सही करून बसलं तर तीन दिवसांचं कवच नसतं. म्हणून अशा सौद्यात सहीआधीच वकील हवा. दुसरी चूक सणांच्या दिवसांत होते. ज्यू सण सरकारी सुट्टी नसतात; सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सलग सणांत तीन दिवस कधी संपले ते कळत नाही. मुदतवाढ सणाच्या आधी लेखी घ्यावी.

तपासणीत या जुन्या घरांचा मोठा शत्रू जमिनीत असतो. अनेक घरं तेलावर तापत, आणि तेलाची पोलादी टाकी, बहुतेकदा ५५० गॅलनची, अंगणात पुरलेली असे. गॅस आल्यावर टाकी विसरली गेली, पण गंजायची थांबली नाही. भिंतीलगत जमिनीतून वर आलेले दोन नळ (एक भरायचा, एक हवेचा) किंवा तळघरात तोंड चेपलेली तांब्याची बारीक नळी दिसली की समजावं. नळ कापून टाकलेले असतील तर काहीच दिसत नाही, म्हणून धातुशोधक किंवा रडारनं अंगण तपासून घ्यावं. त्याला काहीशे डॉलर पडतात. गळकी टाकी निघाली तर माती उपसण्याचा खर्च दहा हजारांच्या पटींत जातो आणि घराचा नेहमीचा विमा बहुधा हात वर करतो. टाकी काढलेली असेल तर नुसत्या तोंडी ग्वाहीवर न जाता गावाचा परवाना मागावा, आणि गळती झालेली असेल तर पर्यावरण खात्याचं ‘पुढील कारवाई नको’ हे पत्रही. बर्गन काउंटीत राहायला आलेल्या मराठी कुटुंबांनाही हीच टाकी भेटते.

ताबा देताना एक खास गोष्ट: दाराच्या चौकटीवरचा मेझूझा, म्हणजे धर्मवचनं लिहिलेली चर्मपत्राची गुंडाळी. अलिबाग-ठाण्याच्या बेने इस्रायली घरांतही तो उजव्या बाजूला दिसतो. नवा मालक ज्यू असेल तर तो काढून न्यायचा नाही, असा शास्त्रार्थ आहे. हातानं लिहिलेल्या चांगल्या गुंडाळ्या महाग पडतात आणि मोठ्या घराला दहा-पंधरा लागतात. म्हणून विकणारे बरेच जण आधीच त्या उतरवून साध्या पण शास्त्रशुद्ध लावून ठेवतात. याचा उल्लेख करारात असावा. ताब्याच्या दिवशी दारात उभं राहून वाद घालायचा हा विषय नाही.

आणि घर हाती आल्यावर सेवा. बर्गन काउंटीत रविवारी कपडे, फर्निचर, घरसामान, घरगुती उपकरणं आणि बांधकाम-साहित्य विकायला आजही मनाई आहे. १९५९च्या राज्य कायद्यानं काउंटींना दिलेला हा पर्याय तिनं सोडलेला नाही. शनिवार धर्मानं बंद, रविवार कायद्यानं. फ्रिज घ्यायचा तर सोम ते गुरुवारची संध्याकाळ किंवा काउंटीबाहेरचं दुकान. डिसेंबरात सूर्यास्त साडेचारच्या सुमारास होतो आणि शब्बाथ सुरू करणाऱ्या मेणबत्त्या त्याच्या अठरा मिनिटं आधी लावतात; शुक्रवारी दुपारी बॉयलर गेला तर दोन-तीन तासांत माणूस मिळायला हवा. म्हणून प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनच्या याद्या इथं हातोहात फिरतात, आणि त्यात कारागिराच्या कौशल्याइतकीच ‘शुक्रवारी फोन उचलतो का’ ही नोंद मोलाची असते.

ओळखीचा माणूस म्हणून कागद मात्र सोडू नयेत. २००४च्या कायद्यानुसार घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराची राज्याकडे नोंदणी लागते, ५०० डॉलरवरचं काम लेखी लागतं आणि निदान पाच लाख डॉलरचा दायित्व विमा लागतो. कोशर स्वयंपाकघर बांधताना तर कराराला बारीक तपशील जोडावेत. दूध आणि मांसासाठी दोन सिंक म्हणजे दोन निचरे आणि दोन नळजोड. दोन ओव्हनना स्वतंत्र सर्किट. ओव्हनला शब्बाथ मोड असल्याची खात्री मॉडेल-नंबरावरून करावी, नाहीतर तो बारा तासांनी आपोआप बंद होतो आणि शुक्रवारी तापत ठेवलेलं जेवण शनिवारी दुपारी थंडगार निघतं.