मागचा पत्रा

गिरगावातली खोली रिकामी करताना माळ्यावरून तांब्याचा बंब उतरला, दोन ट्रंका उतरल्या आणि जुन्या चादरीत गुंडाळलेला नानांचा ३८६ प्रोसेसरचा कॉम्प्युटर उतरला. नाना हिशेब लिहायची कामं करत. १९९२ साली त्यांनी लॅमिंग्टन रोडवरून तो असेंबल करून घेतला, तेव्हा चाळीत कॉम्प्युटर बघायला माणसं यायची. आता चालू होतो का पाहायला झाकण काढलं तर मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावर, हिरवी-निळी बुरशी चढल्यासारखं दिसलं. त्या काळच्या बोर्डांवर निकेल-कॅडमियमची छोटी पिंपासारखी बॅटरी सोल्डर केलेली असे. पडून राहिली की ती पाझरते आणि आजूबाजूच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. बोर्ड मेला होता. पत्रा मात्र ठणठणीत होता, कुठे गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता.

जुन्या कॅबिनेटमध्ये नवा कॉम्प्युटर बसवण्याच्या उद्योगाचं मूळ बरेचदा या बॅटरीत असतं, म्हणजे आतलं गेलं आणि बाहेरचं उरलं. अशा मशीनला आता सगळीकडे ‘स्लीपर’ म्हणतात. शब्द मोटारवाल्यांचा. बाहेरून थकलेली गाडी आणि बॉनेटखाली भलतंच इंजिन, ती स्लीपर. पण मला कुतूहल वेगळ्या गोष्टीचं होतं. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या टीव्हीच्या खोक्यात आजचा टीव्ही कोणी बसवत नाही, फ्रिजच्या सांगाड्यात फ्रिज बसवत नाही. मग कॉम्प्युटरच्याच डब्यात हे कसं जमतं? उत्तर शोधायला डबा उलटा फिरवावा लागतो. समोरच्या बाजूला सगळी शोभा, खरी गोष्ट मागच्या पत्र्यावर.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने पहिला पीसी आणला. त्यात जादा कामांची सर्किट कार्डं खोचायला पाच स्लॉट होते, एकमेकांपासून एक इंचावर. १९८३ च्या एक्सटी मॉडेलमध्ये आठ स्लॉट बसवायचे होते, म्हणून अंतर ०.८ इंच केलं, म्हणजे २०.३२ मिलिमीटर. आज दुकानातून नवाकोरा मदरबोर्ड आणा आणि दोन शेजारच्या स्लॉटमधलं अंतर मोजा, २०.३२ मिलिमीटरच भरेल. मधल्या काळात कार्ड जोडायच्या पद्धती बदलत राहिल्या: आयएसए गेलं, पीसीआय आलं आणि गेलं, एजीपी आलं आणि गेलं, पीसीआय एक्सप्रेसच्या पिढ्यांमागून पिढ्या आल्या. कार्डावरचे भाग एका बाजूचे दुसऱ्या बाजूला गेले. पण कार्डाला स्क्रूने धरून ठेवणारी ती चिंचोळी पत्र्याची पट्टी आणि तिच्यासाठी मागे असलेली खाच, ही जोडी टिकली. त्यामुळे आजचं ग्राफिक्स कार्ड ३८६ च्या कॅबिनेटच्या मागच्या खाचेत बसतं. चिमटीत धरून पहिल्यांदा तिथे टेकवलं तेव्हा मला स्वतःला ते खरं वाटेना.

१९८४ मध्ये आयबीएमचं पुढचं मॉडेल, एटी, आलं. त्याचा बोर्ड अवाढव्य होता, साधारण १२ बाय १३ इंच. लवकरच त्याची अरुंद आवृत्ती रूढ झाली, ‘बेबी एटी’. पुढची दहा-बारा वर्षं जगभरच्या बिननावाच्या कॅबिनेटांचा साचा हाच. यात मागच्या पत्र्यावर बोर्डासाठी एकच भोक असे, कीबोर्डच्या जाड गोल पिनेचं. प्रिंटर, माउस, मॉनिटर या सगळ्यांची सॉकेटं कार्डांवर, म्हणजे त्या उभ्या खाचांमध्ये. हे एकच गोल भोक पुढे सगळ्या डोकेदुखीचं कारण ठरतं.

पण आपल्याकडच्या माळ्यांवर आयबीएमचा मूळ पीसी क्वचितच सापडतो, आणि त्यालाही कारण आहे. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातून काढता पाय घेतला होता आणि १९९२ मध्ये टाटांशी हातमिळवणी करूनच परतली. म्हणजे जगात पीसी जन्मला आणि वाढला ती सगळी वर्षं कंपनी इथे नव्हतीच. आयबीएमने पहिल्या पीसीची तांत्रिक पुस्तिका सर्किटच्या आराखड्यांसकट छापली होती. तिच्या आधारे तैवानमध्ये नकला होऊ लागल्या आणि आपल्याकडे आल्या त्या या नकला. नोव्हेंबर १९८४ च्या कॉम्प्युटर धोरणाने आयात सैल केली. बँकांमध्ये त्याआधीच १९८३ चा कर्मचारी संघटनांशी झालेला करार आणि बँकांतल्या कॉम्प्युटरीकरणावरची रंगराजन समिती यांनी दार किलकिलं केलं होतं. अनेक बँकांची मुख्यालयं मुंबईत असल्याने फोर्टातल्या कितीतरी मजल्यांवर कॉम्प्युटरविरोधी घोषणा आणि कॉम्प्युटरचे खोके एकाच सुमारास पोहोचले. मुंबईचीच म्हणावी अशी झेनिथ ही कॉम्प्युटर कंपनीही १९८० पासून होती. घरगुती आणि छोट्या ऑफिसच्या गिऱ्हाइकाला मात्र ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरावं लागे.

लॅमिंग्टन रोडचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन कैक वर्षं झाली, पण कॉम्प्युटरवाले अजून लॉर्ड लॅमिंग्टनलाच धरून आहेत. रेडिओचे सुटे भाग, व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर विकणारी दुकानं तिथे आधीपासून होती. कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच फळ्यांवर एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारे डबे, आणि फ्लॉपी ड्राइव्ह लागले. आणि हो, आपल्याकडे या डब्याला कोणी ‘केस’ म्हणत नाही. दुकानात तो कॅबिनेट, घरात सीपीयू. नानांच्या कॅबिनेटवर कंपनीचं नावच नाही. समोर एक कुलूप, एक टर्बोचं बटण आणि दोन आकड्यांचा लाल डिस्प्ले.

या डिस्प्लेबद्दल थोडं सांगायलाच हवं. त्यावर ४० दिसायचं, टर्बो काढला की २०. आम्हा पोरांना वाटायचं की मशीन आपला वेग मोजून दाखवतं. उघडल्यावर कळलं की तो काहीच मोजत नाही. मागे जंपरच्या, म्हणजे छोट्या टोपीने जोडायच्या, पिना असतात, असेंबल करणारा हव्या त्या रेघा पेटवून ठेवतो. ९९ लावलं असतं तर ९९ दिसलं असतं. टर्बोचं बटण मात्र खरं होतं, फक्त नावाच्या उलट. पहिल्या पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ आणि तेव्हाचे बरेच गेम त्या वेगावर ताल धरून लिहिलेले. वेगवान मशीनवर ते सैरावैरा पळत. त्यांच्यासाठी मशीन हळू करायची सोय म्हणजे टर्बो.

मग १९९५ चा पावसाळा आला. जुलैमध्ये इंटेलने एटीएक्स या बोर्ड आणि कॅबिनेटच्या नव्या मापांचा आराखडा प्रसिद्ध केला. १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने इंटरनेट सुरू केलं, २४ ऑगस्टला विंडोज ९५ बाजारात आलं. त्याच वर्षी बॉम्बेची अधिकृतपणे मुंबई झाली. यातली एटीएक्सची बातमी कोणाच्या खिजगणतीतही नव्हती, पण कॅबिनेटच्या इतिहासाचे दोन तुकडे तिथेच पडतात. एटीएक्सने बोर्ड आडवा फिरवला, ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा केला आणि सगळी सॉकेटं बोर्डाच्या मागच्या कडेवर एकत्र आणली. त्यासाठी मागच्या पत्र्यावर १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटरची आयताकृती खिडकी ठरवून दिली. स्लॉटचं अंतर तेच ठेवलं आणि बोर्ड कसायच्या भोकांपैकी काही जुन्याच जागी ठेवली. पुढे १९९७ मध्ये आलेला मायक्रो एटीएक्स आणि २००१ मधला व्हिया कंपनीचा १७० मिलिमीटर चौरस मिनी आयटीएक्स, दोघेही याच घराण्यातले.

म्हणजे जुन्या कॅबिनेटमध्ये नवा बोर्ड बसवायला तत्त्वतः एकच काम उरतं. गोल भोकाच्या जागी ती खिडकी कापायची.

तत्त्वतः! मी पट्टीने मोजून, पेन्सिलीने आखून कॅबिनेट कुर्ल्याच्या एका वर्कशॉपमध्ये नेलं. तिथल्या कारागिराने ग्राइंडर लावला, कानस मारली, कडा हात फिरवण्याइतक्या गुळगुळीत करून दिल्या. काम देखणं झालं. घरी आणून बोर्ड कसला तर यूएसबीची खालची ओळ बरोबर आणि वरची ओळ पत्र्याआड. चूक माझीच. माप मी तळाच्या पत्र्यापासून घेतलं होतं, पण बोर्ड तळावर टेकत नाही, पितळी स्टँडऑफवर, म्हणजे छोट्या खुंट्यांवर, उभा राहतो. ते साडेसहा मिलिमीटर मी हिशेबात धरलेच नव्हते. नाना असते तर म्हणाले असते, बेरीज बरोबर आहे, फक्त मागची शिल्लक ओढली नाहीस. जाणकार या भानगडीत पडत नाहीत. भंगारवाल्याकडे पेन्टियम-४ च्या काळातली कॅबिनेटं किलोवर मिळतात. त्यातल्या एकाचा मागचा भाग बोर्डाच्या तळपत्र्यासकट कापून काढायचा आणि जुन्या कॅबिनेटमध्ये पॉप रिव्हेटने बसवायचा. खिडकी, स्टँडऑफ, खाचा सगळं कारखान्यात आखलेलं मिळतं.

दुसरा अडथळा बटणाचा, आणि इथे जिवाशी गाठ आहे. एटी मशीनमध्ये समोरच्या पॉवरच्या बटणापर्यंत एसएमपीएसमधून जाड केबल येते आणि तिच्यात थेट २३० व्होल्ट असतात. बटण खटकन आत बसतं, आतच राहतं, पुन्हा दाबलं की बाहेर. एटीएक्समध्ये बटण फक्त बोर्डाला खूण करतं, वीज चालू-बंद करण्याचं काम एसएमपीएस स्वतः करतं. जुनी केबल समूळ काढून टाकल्याशिवाय पुढे जाऊच नये. मी ती काढली, बटणाला दोन बारीक वायरी जोडून बोर्डाला लावल्या आणि ऐटीत दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, चार सेकंदांनी सगळं गप्प. पुन्हा तेच. रॅम बदलली, एसएमपीएस बदलून पाहिलं, दोन संध्याकाळी वाया गेल्या. एटीएक्समध्ये बटण चार सेकंद दाबून धरलं की मशीन सक्तीने बंद होतं, आणि माझं बटण आत बसून राहत होतं. त्यातली केसासारखी अडकवणारी तार चिमट्याने ओढून काढली आणि प्रश्न मिटला.

एसएमपीएसचंही एक सांगतो. नव्वदीतल्या बऱ्याच कॅबिनेटांत आजचं एसएमपीएस सरळ बसतं, कारण एटीएक्सने त्याचं १५० बाय ८६ मिलिमीटरचं तोंड तेव्हाच्या एका चालू मापावरून उचललं. नानांच्या कॅबिनेटमध्ये त्याआधीचा मोठा डबा होता, त्यामुळे मधे पत्र्याची पट्टी घालावी लागली.

उष्णतेचा इतिहास मात्र मोजमापांसारखा सलग नाही. पहिल्या पीसीच्या पॉवर सप्लायची सगळी क्षमता ६३.५ वॉट होती. आज मध्यम प्रोसेसरवरच ६५ वॉट लिहिलेलं असतं, ग्राफिक्स कार्ड वेगळं. ३८६ वर तर हीटसिंकसुद्धा, म्हणजे उष्णता घालवणारा धातूचा ठोकळासुद्धा, नसे, आणि अख्ख्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएसचा एकच पंखा. कॅबिनेटला भोकं पाडायची चटक लागली ती यातूनच. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. बसचा, म्हणजे प्रोसेसर ज्या मार्गाने बोर्डाशी बोलतो त्याचा, वेग ६६ चा १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा. तापायचाही तसाच. पोरांनी झाकणाला भोक पाडून वर पंखा लावला. भोकातून आतलं दिसू लागलं, मग दिसायलाच हवं म्हणून ॲक्रिलिकची खिडकी आली, खिडकी आली म्हणून निळ्या दिव्यांच्या नळ्या आल्या. काही वर्षांत लॅमिंग्टन रोडवर अशी कॅबिनेटं तयारच मिळू लागली आणि आता काचेशिवाय, रंगीत दिव्यांशिवाय कॅबिनेट मागितलं तर दुकानदार आपल्याकडे दयेने बघतो. स्लीपरचं वेड हा मला तरी या रोषणाईवर उगवलेला कंटाळा वाटतो.

मुंबईच्या हवेत, मे महिन्यात खोलीतच ३३ अंश असताना, मोठं ग्राफिक्स कार्ड जुन्या कॅबिनेटमध्ये घालू नये. मी ११५ वॉटचं कार्ड घातलं, तळाला १२० मिलिमीटरचे दोन पंखे बसतील एवढी जाळी पाडली आणि कॅबिनेटला उंच रबरी पाय लावले. समोरून काही कळत नाही.

समोरचं प्लॅस्टिक मात्र पिवळं पडलं होतं, जुन्या वर्तमानपत्रासारखं. हे एबीएस प्लॅस्टिक, त्यात आग पसरू नये म्हणून ब्रोमीनची संयुगं घातलेली असतात. ऊन आणि हवा लागून ते पिवळं पडतं. २००८ च्या सुमारास हौशी मंडळींनी त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील किरणांचा उपाय शोधला, ‘रेट्रोब्राइट’. आपल्याकडे केस रंगवताना वापरायचं ४० व्हॉल्यूमचं क्रीम डेव्हलपर, म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइड, घाऊक दुकानात सहज मिळतं. हातमोजे घालून क्रीम फासलं, वर प्लॅस्टिक गुंडाळलं आणि गच्चीवर ठेवलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, पापड कसले घातलेत? चार तासांत रंग उतरला. तो कायमचा नव्हे, काही वर्षांत पिवळेपणा परत येऊ शकतो.

कापावं की नाही, यावर या छंदात कडाक्याची भांडणं होतात. मूळ आयबीएम, किंवा चालू बोर्ड असलेलं कुठलंही जुनं मशीन कापणं मला पटत नाही. बिननावाचा, बोर्ड मेलेला डबा कापायला हरकत नाही. २०१२ पासून ई-कचऱ्याचे नियम आहेत, पण असा डबा शेवटी पत्र्याच्या भावानेच जातो. तरी कापताना परतीची वाट ठेवलेली बरी.

लाल डिस्प्ले मी एका मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या चिपला, जोडलाय, तो आता प्रोसेसरचं तापमान दाखवतो. हे लिहिताना ४६ आहे, आणि या वेळी ते मोजलेलं आहे. कुर्ल्यात कापून निघालेला पत्र्याचा तुकडा, कीबोर्डच्या गोल भोकासकट, झाकणाच्या आतल्या बाजूला टेपने चिकटवून ठेवलाय. त्यावर मार्करने लिहिलंय: तळापासून नव्हे, स्टँडऑफपासून मोजणे.