स्लाइड 2 सेंटिमीटर लांब झाली की नेमबाजाला काय मिळतं?

ग्लॉक 17 आणि ग्लॉक 34 ही दोन पिस्तुलं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली की एक मजेशीर गोष्ट दिसते. मूठ तीच, मॅगझिन तेच, ट्रिगरची रचना जवळजवळ तीच. वेगळी आहे ती पुढची लांबी: नळीची, आणि नळीवरून मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाची, म्हणजे स्लाइडची. 17 ची नळी 114 मिलीमीटर, 34 ची 135. फरक 21 मिलीमीटरचा, म्हणजे अंगठ्याच्या पेराहूनही कमी. पण स्पर्धेत उतरणारा जवळपास प्रत्येक नेमबाज कधी ना कधी या पेरापाशी येऊन अडतो आणि विचारतो, लांब स्लाइड घेऊ की आखूड?

उत्तर लगेच मिळतं: लांब घे, लांब पिस्तूल अचूक असतं. हे उत्तर अर्धं खरं आहे. कुठलं अर्धं, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात प्रकाश, डोळा, स्नायू आणि न्यूटनचे नियम सगळेच येतात.

आधी नळीबद्दलचा गैरसमज बाजूला करू. पिस्तूल यंत्रात घट्ट आवळून, माणसाचा हात न लावता गोळ्या झाडल्या, तर नळीच्या लांबीने अचूकता वाढते असं दिसत नाही. महत्त्वाचं ठरतं ते दुसरंच. प्रत्येक गोळीनंतर स्लाइड मागे जाऊन परत येते, तेव्हा नळी पुन्हा अगदी त्याच जागी बसते का? नळी आणि स्लाइड यांच्यात किती ढिलेपणा आहे? ते काडतूस त्या नळीला मानवतं का? घट्ट बसलेली आखूड नळी ढिल्या लांब नळीला सहज मागे टाकते. मग लांब पिस्तुलाने गुण वाढतात, हा अनुभव इतक्यांना का येतो? कारण लांबीचा खरा फायदा नळीत नाही, नेमात आहे.

हे घरी करून पाहता येतं. 15 सेंटिमीटरची एक पट्टी घ्या आणि 30 ची एक. भिंतीवर एक ठिपका काढा. पट्टी डोळ्यासमोर धरून तिच्या कडेने त्या ठिपक्यावर नेम धरा आणि पट्टीचं पुढचं टोक 1 मिलीमीटर बाजूला सरकवा. ठिपका 10 मीटरवर असेल, तर लहान पट्टीचा रोख 67 मिलीमीटर चुकतो आणि मोठीचा 33. टोकाची चूक तेवढीच, पण पट्टी दुप्पट लांब असल्यामुळे कोन निम्मा झाला.

नेम धरायला पिस्तुलावर मागे एक खाच असते (मागची साइट) आणि तोंडाजवळ एक उंचवटा (पुढची साइट). या दोन साइटमधलं अंतर म्हणजे ही पट्टी. नेमबाज त्याला साइट रेडियस म्हणतात. ग्लॉक 17 वर ते 165 मिलीमीटर आहे आणि 34 वर 192. पुढची साइट मागच्या खाचेत अर्धा मिलीमीटर डावीकडे राहिली, म्हणजे पाचेक कागदांच्या जाडीएवढी, तर 25 मीटरवर 17 ची गोळी सुमारे 76 मिलीमीटर डावीकडे जाईल आणि 34 ची 65. 10 मीटरवर हाच फरक 30 आणि 26 असा उरतो. आता लक्ष्य किती मोठं आहे ते बघा. ऑलिंपिकच्या 25 मीटर प्रिसिजन लक्ष्यावर 10 गुणांचं वर्तुळ 50 मिलीमीटर व्यासाचं असतं, तिथे 11 मिलीमीटर म्हणजे फार झाले. उलट वेगवान स्पर्धांमध्ये 7-8 मीटरवरचं सर्वाधिक गुणांचं क्षेत्र सुमारे 15 सेंटिमीटर रुंद असतं. तिथे 3-4 मिलीमीटरला कोण विचारतो?

या हिशेबात एक बारीक वजावट आहे आणि ती सहसा कुणी करत नाही. पुढची साइट लांब गेली की ती डोळ्यापासूनही लांब जाते, म्हणून तिची चूक डोळ्याला थोडी लहान दिसते. हात ताठ असताना साइट डोळ्यापासून सुमारे 70 सेंटिमीटरवर असते, लांब पिस्तुलावर जवळपास 73. साइट रेडियसमधली वाढ 16 टक्के, त्यातून हे जवळपास 4 टक्के वजा केले की हातात निव्वळ फायदा 12 टक्क्यांच्या आसपास राहतो. पण चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना याच दूर जाण्याचा थोडासा लाभही होतो. साइट जरा दूर, म्हणून तिच्यावर नजर स्थिर करायला भिंगाला किंचित कमी ताण. शिवाय पुढची साइट थोडी बारीक दिसते आणि तिच्या दोन्ही बाजूंना मागच्या खाचेत जास्त उजेड दिसतो. त्या दोन उजेडाच्या फटी सारख्या आहेत की नाहीत, हे डोळा फार चटकन ओळखतो. माझ्या मते लांब स्लाइडचा सगळ्यात सुंदर गुण हाच.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. लांब पिस्तूल हात स्थिर करत नाही. ते हाताची चूक मोठी करून दाखवतं. डोळ्याने साइट नीट जुळवली नाही, ही चूक त्यामुळे कमी होते, कारण ती आधी दिसते आणि दुरुस्त करता येते. पण ट्रिगर ओढताना बोटाने पिस्तूल हिसडलं, किंवा आवाजाच्या धास्तीने मनगट आधीच खाली दाबलं, तर पिस्तूल एका कोनात वळतं. त्या कोनाला साइट रेडियस ठाऊक नसतो. 1 अंशाचा हिसडा 10 मीटरवर गोळी 17 सेंटिमीटर दूर नेतो, पिस्तूल आखूड असो वा लांब. गोळ्या सतत खाली-डावीकडे जात असतील (उजव्या हाताच्या नेमबाजाचं हे नेहमीचं दुखणं), तर नवीन स्लाइडने काहीही सुटणार नाही. रिकामं पिस्तूल दोनदा तपासून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, भिंतीसमोर उभं राहा आणि ट्रिगर ओढताना पुढच्या साइटवरून नजर हलवू नका. हॅमर किंवा स्ट्रायकर (काडतूस पेटवणारा आघात करणारा भाग) सुटतो त्या क्षणी साइट टुणकन उडाली, तर चूक बोटाची आहे.

एवढं झालं पहिल्या गोळीबद्दल. वेगवान स्पर्धेत खरी परीक्षा दुसऱ्या गोळीची असते आणि तिथे स्लाइडची लांबी वजनाच्या रूपाने बोलते.

गोळी 8 ग्रॅमची आणि वेग सेकंदाला 320 मीटर धरला, तर तिचा संवेग सुमारे 2.6 किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद होतो. बाहेर फेकल्या जाणाऱ्या वायूचा वाटा तूर्त सोडून देऊ. तेवढाच संवेग उलट दिशेने स्लाइड आणि नळीला मिळतो. दोन्ही मिळून अर्धा किलो असतील, तर त्या सेकंदाला 5 मीटरच्या वेगाने मागे निघतात. वजन 400 ग्रॅमवर आणलं, तर हाच वेग 6.4 मीटर होतो आणि स्लाइडची गतिज ऊर्जा 25 टक्क्यांनी वाढते. ही ऊर्जा स्प्रिंग थोडी शोषते, उरलेली ऊर्जा, स्लाइड फ्रेमवर (मूठ असलेल्या खालच्या भागावर) आदळते तेव्हा, हाताला बसते. गोळी मात्र केव्हाच गेलेली असते. ती नळीबाहेर पडते तोवर स्लाइड जेमतेम दीड-दोन मिलीमीटर मागे सरकलेली असते, कारण दोघींच्या वजनाचं प्रमाणच 1 ला 60 च्या घरात आहे.

हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतं, तरी मुरलेल्या नेमबाजाला त्यातले टप्पे दिसतात. पुढची साइट वर उडते. परत येते. स्लाइड पुढे येऊन बंद होताना नळीला ठोसा बसतो, त्याने साइट खाचेच्या किंचित खाली बुडते. मग वर येऊन थांबते. हे बुडणं पाहणं म्हणजे पिस्तुलाची नाडी पाहणं. स्लाइड जड आणि स्प्रिंग कडक असेल तर बुडणं वाढतं. स्लाइड हलकी असेल तर फेरी लवकर पूर्ण होते, पण मागचा ठोसा जास्त टोकदार लागतो. एकूण संवेग कुठल्याच स्प्रिंगने कमी होत नाही, तो हाताला किती वेळात आणि कुठल्या टप्प्यात मिळणार एवढंच बदलतं. म्हणूनच 34 च्या स्लाइडला वरून, पुढच्या बाजूला, मोठी खाच कापलेली आहे. लांबी वाढली, पण वजन 17 च्या स्लाइडच्या जवळच ठेवलं, म्हणजे यंत्रणेचा ताल बिघडत नाही.

वजन किती आहे याइतकंच ते कुठे आहे हेही मोजावं लागतं. जडत्वाघूर्ण, म्हणजे वस्तूचा वळायला होणारा विरोध, अंतराच्या वर्गाने वाढतं. 20 ग्रॅम मनगटापासून 5 सेंटिमीटरवर ठेवले आणि तेच 20 सेंटिमीटरवर ठेवले, तर दुसऱ्या जागी ते पिस्तूल वळायला 16 पट विरोध करतात. नळीचं तोंड वर उसळायला अडथळा होतो, हे छानच. पण एका लक्ष्यावरून दुसऱ्याकडे वळताना तोच विरोध हाताला सोसावा लागतो. पिस्तूल निघतं उशिरा आणि थांबतंही उशिरा, ठरलेल्या जागेच्या थोडं पुढे जाऊन. लक्ष्यं एकमेकांच्या शेजारी, पण नेमबाजापासून दूर असतील तर जड तोंड बरं, विखुरलेली आणि नेमबाजाच्या जवळ असतील तर हलकं.

होल्स्टरमधून लांब पिस्तूल निघायला वेळ लागतो, ही तक्रार मला पटत नाही. हात सेकंदाला 2 मीटरने वर येत असेल, तर जादा 21 मिलीमीटरला सेकंदाचा शंभरावा हिस्सा लागतो.

नळी लांब असल्याने गोळीचा वेग थोडा वाढतो, याला मात्र स्पर्धेत अर्थ आहे. 1976 मध्ये स्थापन झालेल्या आयपीएससी या वेगवान नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांमध्ये गोळीचं वजन ग्रेन या छोट्या एककात आणि वेग सेकंदाला फुटांत घेऊन, गुणाकाराला 1000 ने भागतात. हा पॉवर फॅक्टर किमान 125 लागतो. 124 ग्रेनची गोळी 1000 फुटांनी गेली तर 124, म्हणजे नापास, आणि त्या नेमबाजाचे गुण निकालात धरत नाहीत. 1020 फुटांनी गेली तर 126 च्या वर. त्या 20 फुटांची सोय लांब नळी करून देते.

नियम बऱ्याचदा निवड आधीच करून टाकतात. आयपीएससीच्या प्रॉडक्शन विभागात नळीची कमाल मर्यादा 127 मिलीमीटर, त्यामुळे 135 ची ग्लॉक 34 तिथे चालत नाही. स्टँडर्ड विभागात पिस्तूल 225 बाय 150 बाय 45 मिलीमीटरच्या पेटीत मावावं लागतं. ऑलिंपिकच्या 25 मीटर प्रकारांत नळी 153 मिलीमीटरपर्यंत आणि साइट रेडियस 220 पर्यंत चालतो. आणि इथेच एक बोलका पुरावा सापडतो. इटलीच्या पार्दिनी कंपनीच्या एसपी या पिस्तुलाची नळी सुमारे 120 मिलीमीटरच आहे, साइट रेडियस मात्र पूर्ण 220. जगातल्या सर्वोत्तम नेमबाजांसाठी पिस्तूल घडवणाऱ्यांनी नळीची मुभा अर्धवट सोडली आणि नेमाची मुभा शेवटच्या मिलीमीटरपर्यंत वापरली.

रेड डॉट, म्हणजे छोट्या काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट, आल्यावर हे चित्र बदललं. डॉट काचेत दिसतो, तो लक्ष्याच्या पातळीवरच असल्यासारखा भासतो आणि जुळवायला दुसरी साइट उरत नाही. साइट रेडियसचा प्रश्नच मिटला, त्यासोबत लांब स्लाइडचा निम्मा युक्तिवादही. राहतो तो वजनाचा आणि जडत्वाचा भाग. डॉटचं स्वतःचं वजन स्लाइडवर बसतं, तेही मोजावं लागतं. डॉट लावणार असाल तर आखूड स्लाइड मी निःसंकोच सुचवेन. साध्या, खाच-उंचवट्याच्या लोखंडी साइटने 20-25 मीटरवर सावकाश नेम धरणाऱ्याला लांबच.

विकत घेण्याआधी दोन्ही पिस्तुलं एकाच काडतुसाने झाडून बघा. 25 मीटरवर सावकाश 10 गोळ्या, मग 7 मीटरवर टायमर लावून दोन-दोन गोळ्यांच्या 10 जोड्या. दुसऱ्या भागात प्रत्येक जोडीतली दुसरी गोळी कुठे गेली ते वेगळ्या रंगाने लिहून ठेवा. ती सतत वर असेल, तर साइट परत यायच्या आधी तुम्ही ट्रिगर ओढताय. सतत खाली असेल, तर एकतर तुम्ही धक्क्याआधीच पिस्तूल दाबताय किंवा स्लाइड बंद होताना साइट बुडतेय. हे कुठलं ते ओळखायला जोडीदाराला मॅगझिनमध्ये एखादं नकली काडतूस मिसळायला सांगा. त्या काडतुसाला ट्रिगर ओढताच तोंड खाली गेलं, तर चूक हाताची. तोंड जागेवर राहिलं, तर स्लाइड बदलायच्या आधी थोडी मऊ स्प्रिंग घालून पाहा, मात्र प्रत्येक काडतुसावर स्लाइड पूर्ण बंद होतेय ना, याची खात्री करून.