पार्किन्सन्स: आपोआप होणारं थांबतं तेव्हा

पार्किन्सन्स म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर थरथरणारा हात येतो. पण कंप हा या आजाराचा एक भाग झाला, काही जणांना तर कंप नसतोच. रोजचं जगणं अडतं ते हालचाल मंदावल्यामुळे. शर्टाची बटणं लावता लावता माणूस थकून जातो, रात्री कुशीवर वळायला कुणीतरी हात द्यावा लागतो, सही बारीक होत जाते, आवाज खोल जातो आणि चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, मग भेटायला आलेल्या पाहुण्यांना उगाच वाटतं की काका आपल्यावर चिडलेत. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये फक्त सहा माणसांवरून या आजाराचं वर्णन लिहिलं आणि त्यातलं बरंचसं आजही जसंच्या तसं लागू पडतं. आपल्याकडे याला कंपवात म्हणतात.

होतं काय, तर मध्यमेंदूत सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा एक काळपट भाग असतो, तिथल्या पेशी डोपामिन नावाचं, हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन बनवतात आणि त्या पेशी हळूहळू मरायला लागतात. लक्षणं दिसेपर्यंत बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणं किंवा ओरडणं या गोष्टी कधीकधी कितीतरी वर्षं आधीपासून चालू असतात, फक्त त्यांचा याच्याशी संबंध असेल असं तेव्हा कुणाच्या मनातही येत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. डोपामिन सगळ्यात आधी कमी पडतं ते सवयीच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागात. चालणं, चालताना हात हलवणं, गिळणं, लिहिणं हे आपण विचार करून करत नाही, स्कूटर चालवताना गिअर कधी बदलला हे लक्षात राहत नाही ना, तसंच ते. पार्किन्सन्समध्ये हे आपोआप होणारं बिघडतं. पण लक्ष देऊन, ठरवून हालचाल करायचा मेंदूतला जो दुसरा मार्ग आहे तो बराच काळ शाबूत असतो. मला वाटतं हे एकदा नीट समजलं की या आजारासोबत कसं राहायचं यातलं निम्मं समजलं, कारण व्यायाम काय किंवा घरातल्या छोट्या युक्त्या काय, बऱ्याचशा याच दुसऱ्या मार्गाने काम करतात.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण पुण्यातलंच आहे. मिलेहा सोनेजी या डिझायनर मुलीच्या काकांना पार्किन्सन्स होता. तिने बघितलं की सपाट फरशीवर ज्यांचं पाऊल उचलत नाही तेच काका जिना सरळ उतरून जातात! पायरी दिसली की मेंदूला प्रत्येक पावलाचा इशारा मिळतो. मग तिने जिना आहे असा भास होईल असं चित्र फरशीवर चिकटवलं आणि काका त्यावरून चालत गेले. कप सांडेल या संकोचाने काकांनी चारचौघांत चहा पिणंच सोडलं होतं, म्हणून हात हलला तरी चहा परत आत वळेल अशा काठाचा कपही तिने बनवला.

आमच्या बाबांचे पाय स्वयंपाकघराच्या दारात हमखास चिकटतात. दार, अरुंद बोळ, वळण, लिफ्ट, अशा ठिकाणी हे जास्त होतं. आम्ही दाराच्या अलीकडे फरशीवर लाल इन्सुलेशन टेपच्या आडव्या पट्ट्या लावल्यात, एका पावलाच्या अंतराने. बाबा थांबतात, श्वास घेतात, पहिल्या पट्टीकडे बघतात आणि ती ओलांडायची असं ठरवून पाय उचलतात, की पुढची पावलं बरोबर पडतात. मागून "चला ना, चला ना" केलं किंवा हात धरून ओढलं की पाय आणखी चिकटतात आणि तोल जातो, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे, कामाला येणाऱ्या मावशींनाही.

नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये अशाच एका पेशंटचा अनुभव प्रसिद्ध केला. ५८ वर्षांचा माणूस, धड चार पावलं टाकता येत नव्हती, पण सायकलवर बसवल्यावर तो व्यवस्थित चालवत गेला. (हे वाचून कुणी घरच्यांना एकदम रस्त्यावर सायकल देऊ नका, घरातली स्थिर सायकल चांगली.)

व्यायामाबद्दल आता चांगला पुरावा आहे. अमेरिकेत १२८ जणांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये आला, ही मंडळी आजार नुकताच कळलेली आणि अजून पार्किन्सन्सची गोळी सुरू न झालेली होती. सहा महिने जे ट्रेडमिलवर जोरात, म्हणजे हृदयाचे ठोके कमाल गतीच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत जातील असं चालले, त्यांची हालचालीची लक्षणं जवळपास तिथेच राहिली, व्यायाम न करणाऱ्यांची वाढली. अभ्यास छोटा होता आणि यामुळे आजार थांबतो असं म्हणता येत नाही. पण धाप लागेल असा व्यायाम, अर्थात डॉक्टरांना हृदय तपासायला सांगून, हा औषधाइतकाच गंभीरपणे घ्यावा असं माझं ठाम मत आहे. मोठ्या आवाजात वाचणं, मोठी पावलं, रेघांच्या वहीत मोठं अक्षर, हेही रोज.

औषध मात्र सोडायचं नाही. लेव्होडोपाची गोळी मेंदूत जाऊन डोपामिन बनते, आणि आतड्यातून रक्तात व रक्तातून मेंदूत जाताना ती प्रथिनांच्या घटकांशी स्पर्धा करते, म्हणून डाळ, पनीर, अंडं यांच्यासोबत घेतली तर काहींना असर कमी जाणवतो. साधारणपणे जेवणाआधी अर्धा-एक तास घ्यायला सांगतात. वेळ चुकली की "ऑफ" होतो, म्हणजे गोळीचा असर उतरतो आणि माणूस खुर्चीत अडकून बसतो. खाजकुइरीच्या बियांत लेव्होडोपा असतो हे खरं आहे, पण पुडीत नेमका किती ते कळत नाही, म्हणून गोळी चालू असताना परस्पर चूर्ण घेऊ नका. उलटीवर सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाईड डोपामिनचं काम अडवतं, तेव्हा कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पार्किन्सन्स आहे हे आधी सांगा.

आणि आशा? ती नुसती समजूत घालायची गोष्ट नाही. व्हँकूव्हरच्या संशोधकांनी २००१ मध्ये मेंदूचे स्कॅन करून दाखवलं की पार्किन्सन्सच्या पेशंटला औषध मिळतंय असं वाटलं आणि प्रत्यक्षात त्यात काहीच नव्हतं, तरीही त्याच्या मेंदूत डोपामिन सुटतं. म्हणजे बरं वाटेल ही अपेक्षा नेमकं तेच रसायन थोडं वाढवते जे कमी पडलंय. मेलेल्या पेशी त्याने परत येत नाहीत. पण "आता काय उरलंय" हे वाक्य घरात रोज ऐकणारा माणूस आणि संध्याकाळी कुणाची तरी वाट बघणारा माणूस यांत फरक का पडतो ते मला या प्रयोगानंतर कळलं. नैराश्यही या आजारात मेंदूतल्या बदलांमुळे येऊ शकतं, त्यावर औषध आहे, मन खंबीर करा म्हणून भागत नाही.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे पेशंटला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मुंबईत डॉ. भीम सिंघल यांनी २००१ मध्ये सुरू केलेली पार्किन्सन्स सोसायटी आहे, तिचे गट इतर शहरांतही चालतात. हृषीकेश पवार यांनी पुण्यात पेशंटसाठी डान्सचे वर्ग घेतले, कारण ठेका मिळाला की पाय सुटतात. ज्यांच्या घरी निदान नुकतंच झालंय त्यांनी चालणं बिघडायची वाट न बघता, आत्ता पाय चांगले आहेत तेव्हाच फिजिओथेरपिस्ट आणि असा एखादा गट गाठावा, आणि जाताना शुभंकरानेही सोबत जावं.