द टेल-टेल हार्ट

एडगर ॲलन पो (१८०९–१८४९) या अमेरिकन लेखकाची गॉथिक लघुकथा. जेम्स रसेल लोवेल यांनी बॉस्टनहून काढलेल्या ‘द पायोनियर’ मासिकाच्या जानेवारी १८४३ च्या पहिल्या अंकात ती प्रसिद्ध झाली. मासिक तीन अंकांतच बंद पडले, कथा मात्र टिकली. पडके किल्ले, तळघरे, भुते असा गॉथिक कथेचा नेहमीचा सरंजाम तिच्यात नाही. जे काही भयंकर आहे ते निवेदकाच्या मनात घडते.

हा निनावी निवेदक एका म्हाताऱ्यासोबत राहतो. म्हाताऱ्यावर त्याची माया आहे, त्याच्या पैशाचा मोह नाही. त्याला छळतो तो म्हाताऱ्याचा फिकट निळा, पातळ पडदा आलेला, गिधाडासारखा डोळा. सात रात्री तो मध्यरात्री दार किलकिले करतो आणि झाकलेल्या कंदिलाची एकच तिरीप डोळ्यावर सोडतो. नुसते डोके आत घालायला त्याला तासभर लागतो. पण डोळा मिटलेला असतो, म्हणून त्याचा हात उठत नाही. आठव्या रात्री कंदिलाच्या कडीवरून अंगठा निसटतो आणि म्हातारा दचकून उठून बसतो. या वेळी तिरीप उघड्या डोळ्यावर पडते. निवेदक त्याला जमिनीवर ओढून अंगावर जड पलंग उलथवतो, प्रेताचे तुकडे करून ते फळ्यांखाली दडवतो. रक्ताचा डाग कुठेही राहत नाही. पहाटे चारला पोलीस येतात. निवेदक नेमका प्रेतावरच खुर्ची मांडून त्यांच्याशी गप्पा मारत बसतो.

हे सगळे तो सांगतो ते आपण वेडे नाही हे पटवण्यासाठी. आजाराने आपल्या इंद्रियांची, विशेषतः कानांची, धार वाढली आहे आणि स्वर्गातले, पृथ्वीवरचे, नरकातलेही बरेच काही ऐकू येते, असे तो सुरुवातीलाच बजावतो. कृतीतली शिस्त हाच त्याचा शहाणपणाचा पुरावा. पो यांची खरी कमाल इथे आहे: पुरावा जितका तपशीलवार होत जातो तितके वेड उघडे पडते.

शेवटी फळ्यांखालून हृदयाचे ठोके येऊ लागतात. कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा तो दबका आवाज वाढत जातो. पोलीस सगळे ऐकूनही थट्टा करताहेत, असे वाटून निवेदक ओरडून गुन्हा कबूल करतो. ठोके म्हणजे अपराधी मनाचा आवाज, हा अर्थ सर्वमान्य असला तरी पुरेसा नाही. निवेदक एकदाही पश्चात्तापाचा शब्द काढत नाही. शिवाय हाच आवाज त्याने खुनाआधीही ऐकलेला असतो. अंधारात कण्हणाऱ्या म्हाताऱ्याचे कण्हणे तो ओळखतो, कारण कित्येक मध्यरात्री ते त्याच्याच छातीतून उमटले आहे. त्यामुळे ते ठोके त्याचे स्वतःचेच असावेत, हे वाचन अधिक पटते. लाकूड पोखरणाऱ्या, टकटक आवाज करणाऱ्या भुंगेऱ्यांचा उल्लेखही कथेत आहे; काही समीक्षक आवाजाचे मूळ तिथे शोधतात.

वेडसर माणूस गुन्ह्याला जबाबदार असतो का, हा त्या काळी कोर्टात गाजणारा प्रश्न होता. फिलाडेल्फियात राहत असताना पो यांनी १८४० मध्ये जेम्स वुडच्या खून खटल्यावर लिहिले होते. त्यात बचाव वेडाचाच होता. कथा छापून आली त्याच महिन्यात लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटनने पंतप्रधानांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. त्या खटल्यातून निघालेले मॅकनॉटन नियम पुढे भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ चा आधार ठरले. आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे हे आरोपीला कळत होते का, ही त्यांची कसोटी. ती लावली तर प्रेत लपवणारा हा निवेदक सुटणे कठीण.

पो यांनी हा विषय पुन्हा हाताळला. त्याच वर्षीच्या ‘द ब्लॅक कॅट’मध्ये खुनी पोलिसांसमोर बढाई मारत, जिच्यामागे प्रेत चिणले आहे त्याच भिंतीवर काठी आपटतो. १८४५ च्या ‘द इम्प ऑफ द पर्व्हर्स’मध्ये तर आवाजाचाही आधार उरत नाही, वर्षानुवर्षे निर्धास्त असलेला खुनी, केवळ बोलू नये म्हणूनच, भर रस्त्यात बोलून जातो.