तोकडी चड्डी म्हणजे जास्त वेग?

नाशिकमध्ये उन्हाळी पोहण्याचे वर्ग सुरू झाले की एक समज हमखास कानावर येतो: खरा पोहणारा तोकडी ट्रंकच घालतो, गुडघ्यापर्यंतची घातली की वेग गेला. हे चूक आहे. शर्यतीतले बहुतेक पुरुष आज गुडघ्यापर्यंतची घट्ट ‘जॅमर’च घालतात. नियमही तसाच आहे: 2010 पासून पुरुषांचा पोशाख बेंबीच्या वर आणि गुडघ्याच्या खाली जाऊ शकत नाही, शिवाय तो कापडाचाच हवा. 2009 मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या पोशाखांत 43 विश्वविक्रम झाले, त्यानंतर ही कात्री लागली.

वेग खातो तो घोळ. ढगळ बर्म्युडात पाणी भरतं, खिसे फुगतात. सुती हाफपँट त्याहून वाईट: भिजून जड होते, धागे गाळणीत जातात. रामकुंडावर डुबकी मारायला ती चालेल, पोहण्याच्या तलावात नको.

मग ट्रंक की जॅमर? मांड्या झाकाव्याशा वाटत असतील तर खुशाल जॅमर घ्या, लाजायचं कारण नाही. लायक्रापेक्षा पॉलिस्टर क्लोरीनमध्ये जास्त टिकतं. घरी आल्यावर मात्र साध्या पाण्यात खळबळून सावलीतच वाळवा.